न उतरलेलं रक्त

आधीच सांगते, मी देवाधर्मातली नाही. लग्न होऊन पुण्याहून बंगळूरला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंना सांगून टाकलं होतं — उपासतापास माझ्याकडून होणार नाहीत. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण डोक्यातून जातच नाही, म्हणून लिहिते.

आम्ही बंगळूरच्या येलहंका भागात राहतो. सासरची माणसं पिढ्यानपिढ्या इथलीच. आमची जान्हवी तेव्हा नऊ वर्षांची. दोन्ही किडन्या निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. किडनी देणार होता तिचा बाबा, श्रीकांत. त्याच्या तपासण्या चालू होत्या.

एका मंगळवारी दुपारी पोर पांढरीफटक पडली. दोन पायऱ्या चढली की धाप. जवळच्या छोट्या नर्सिंग होममध्ये नेलं. हिमोग्लोबिन साडेसहा. तिथले डॉक्टर म्हणाले, रक्त चढवू. तिची फाईल मात्र घरी, देव्हाऱ्यात! सासूबाई प्रत्येक रिपोर्ट देवापुढे ठेवून, हळदकुंकू वाहूनच परत देतात. मी चिडले खरी, पण फाईल आणायला उठले नाही.

श्रीकांत लगेच बाही सारून उभा. "माझंच घ्या. दुसऱ्याचं कशाला? आपल्या लेकराला आपलंच बरं. स्वल्प तरी जीव येईल तिच्यात."

ग्रुप एकच होता. मलाही ते किती पटलं! रक्तपेढीतून तपासून पिशवी यायला बुधवारची सकाळ झाली.

सिस्टरनी आधी सलाईन सोडून बघितलं, छान चाललं. मग पिशवी लावली. रक्त नळीतून खाली आलं आणि सुईच्या वीतभर अलीकडे थांबलं.

त्यांनी सुई बदलली. मग नळी. मग हात. दर वेळी सलाईन सरळ जायचं आणि रक्त तिथंच, वीतभर अलीकडे थांबायचं. शेवटी वैतागून त्यांनी नळी सोडवून ट्रेवर धरली — तर भराभरा वाहिलं!

"अक्का, वीस वर्षं हेच काम करते," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "असं कधी नाही बघितलं."

श्रीकांतचा चेहरा बघवत नव्हता. "माझं रक्तसुद्धा घेईना गं ती..." म्हणत तो रडायलाच लागला. आणि मी? मी डोळे मिटले आणि देव्हाऱ्यातल्या एकेका देवाचं नाव घेऊन विनवलं — उतरू दे रे, एवढं उतरू दे.

तेवढ्यात डायलिसिसच्या डॉक्टर मॅडमचा फोन आला. जान्हवीला रक्त चढवतोय, उद्या यायला जमणार नाही, असा मेसेज मी सकाळी टाकला होता.

"कुणाचं रक्त?"

"तिच्या बाबांचं."

"थांबवा! आत्ताच्या आत्ता. किती गेलं?"

"एक थेंबही नाही."

मग त्यांनी समजावलं. बाबाचं रक्त अंगात गेलं, तर तिचं शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडीज तयार करू शकतं. मग त्याचीच किडनी ते परकी म्हणून नाकारेल. "अशा मुलांना रक्त अगदी नाइलाज असेल तरच, तेही फिल्टर लावून. फाईलच्या पहिल्या पानावर लिहिलंय ना, आम्हाला विचारल्याशिवाय रक्त नको?"

लिहिलं होतं. घरी जाऊन बघितलं, त्या ओळीवर हळदकुंकवाची दोन बोटं होती. पण खालचं अक्षर स्वच्छ दिसत होतं. आम्हीच कधी वाचलं नव्हतं.

मॅडमनी तिला ताबडतोब आपल्याकडे घेतलं, इंजेक्शनं आणि लोह देऊन हळूहळू सावरलं. पुढे श्रीकांतच्या रक्ताशी तिचं रक्त जुळवून बघितलं. विरोध नाही! त्याची किडनी तिला लागली, आणि चाललीये.

शीर आकसली असेल, रक्त थंड असेल... सगळं ऐकून झालं. मग दर वेळी त्याच सुईतून सलाईन कसं गेलं?

उपास मी अजून करत नाही. सासूबाई रिपोर्ट देव्हाऱ्यात ठेवतात, ठेवू देते. फक्त आधी वाचून घेते.

डायलिसिसच्या दिवसांत जान्हवीला पाणी मोजून मिळायचं. आता शाळेतून आली की तांब्या तोंडाला लावून गटागटा पिते, आणि मी बघत उभी राहते. आयुष्यात एकदाच मी देवाकडे अगदी जिवाच्या आकांतानं काही मागितलं होतं. बरं झालं, त्यानं ऐकलं नाही.