बहिणीचे न उघडलेले फोटो

माझी थोरली बहीण खापर गावी दिलेली. काही वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची वाचा गेली ती गेलीच. लिहिणं तिला कधी आलंच नव्हतं. आमच्या वेळी मुलींना शाळेत घालायचं कुणाला सुचत होतं! मग तिच्या सुनेने तिच्या हातात फोन दिला आणि फोटो काढून मला पाठवायला शिकवलं. तेव्हापासून ती माझ्याशी फोटोंनी बोलायची. रिकामं ताट आलं की जेवण झालं. उलटी धरलेली औषधाची बाटली आली की औषध संपलं आणि पोराचं लक्ष नाही. एकदा नुसता भाच्याच्या पाठीचा फोटो आला, म्हणजे मायलेकांचं बिनसलं होतं. मी इकडे आमच्या गावी, कोरीटला, ओट्यावर बसून हे सगळं बघायचो आणि फोन लावून तासभर बडबडायचो. ती नुसती हं हं करायची.

उन्हाळ्याच्या तोंडी आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर लग्नाचं आमंत्रण म्हणून एक व्हिडिओ आला. पाठवणारा सख्खा चुलतभाऊ. झालं! ज्यांचे फोन जुने, त्यांची पार वाट लागली. कुणाचे सगळे फोटो उडाले, कुणाच्या नावाने गावभर घाणेरडे व्हिडिओ फिरले. चुलतभावाला तोंड दाखवायची चोरी झाली. त्या बिचाऱ्याने स्वतः काही पाठवलंच नव्हतं, व्हिडिओ त्याच्या फोनमधून आपोआप गेला होता.

माझा फोनही जुनाच, आणि बहिणीचं सगळं बोलणं त्यात. ते गेलं तर माझ्याजवळ काय उरणार होतं? मी नंदुरबारला गेलो. मोबाइलचा दुकानदार मूळचा मारवाडी, पण अहिराणी आमच्यापेक्षा झकास बोलतो. म्हणाला, "काका, या मॉडेलले कंपनी आते अपडेट देत नही. फोटो, व्हिडिओ आपोआप उतरस, आनि त्यामाच गडबड ऱ्हास." त्याने ते आपोआप उतरणं, म्हणजे डाउनलोड होणं, बंद करून दिलं. मी विचारलं, मग बहिणीचे फोटो? तो म्हणाला, "तिना फोनबी त्याच ग्रुपमा शे ना? तो साफ व्हत नही तोपावत हात लावू नका. माणूस पाठवस नही काका, त्याना फोन पाठवस."

मला पटलं. चुलतभावाचं डोळ्यांसमोर घडलं होतं ना! भाच्याला फोन करून बजावलं, आधी आईचा फोन साफ करून आण. "बघू मामा," म्हणाला. त्याचं "बघू" मला चांगलं ठाऊक आहे.

तेवढ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला सासरी गेलेली लेक माहेरी आलीच पाहिजे, मग ती सत्तरीची का असेना. भावाने मुराळी होऊन जायचं आणि तिला घेऊन यायचं. मी दरसाल जायचो. ती पिशवी भरून उंबऱ्यात ठेवायची आणि मी ती उचलली की हसत उठायची. या वर्षी भाच्याने आधीच सांगून टाकलं, "मामा, माय गाडीमा बठू शकस नही. औंदा ऱ्हाऊ द्या." मी भांडलो. अरे, मी मांडीवर डोकं घेऊन आणतो तिला, म्हटलं. तो डॉक्टरचं नाव पुढे करत राहिला. शेवटी मी गेलोच नाही.

त्या दिवसांत तिच्याकडून फोटोंच्या जागी नुसते चौकोन येत होते, धुरकट, त्यांवर उतरवायचा बाण. एकात लाल डाग दिसत होता. बोट बाणापर्यंत जायचं आणि मी मागे घ्यायचो. फोन लावून तिला सांगितलं, "आक्का, जराशी थांब. तुन्हा फोन साफ होऊ दे, मंग सगळाच देखसू." ती हं हं करत राहिली, नेहमीपेक्षा जोरात. मला वाटलं, चिडली. तरी चौकोन येतच राहिले.

आखाजीनंतर महिना उलटला आणि ती झोपेतच गेली.

बाराव्याला सून पाणी देता देता म्हणाली, "मामा, आखाजीले माय लाल पिशवी भरीसन दारमा बठेल व्हती. उठायलेच तयार नही. पिशवीना फोटो काढे, रस्त्याना फोटो काढे आनि तुमले धाडे. तुमले दिखना नही का?"

मी पेला खाली ठेवला. आक्काचा फोन कुठे आहे, विचारलं. भाच्याने आदल्याच आठवड्यात दुकानात नेऊन साफ करून आणला होता. पार कोरा. ती जिवंत असताना मेल्याला वेळ मिळाला नाही!

मी गोठ्यामागे गेलो. आता फोन जळो नाहीतर काही होवो, मला काय त्याचं? लाल डागाचा चौकोन शोधला आणि बाण दाबला. गोल फिरत राहिलं. मग मराठीत अक्षरं उमटली, फाइल आता उपलब्ध नाही. दुसरा चौकोन दाबला, तिसरा दाबला. एकही उघडला नाही. प्रत्येकाखाली फोन मला तेच सांगत होता, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.