मोठ्याने केलेली प्रार्थना

गल्लीत त्याला सगळे ‘पवित्रराव’ म्हणत. तोंडावर नाही, पाठ फिरली की. माणूस रफूवाला. जिन्याखालच्या खोलीत पुढे दुकान, मागे पडद्याआड खाट आणि स्टोव्ह. बायको गेल्यापासून चहा एकच कप व्हायचा, आणि बोलायला कुणी नसल्याने तोही निवून जायचा.

दारू नाही, विडी नाही, खोटं बोलणं नाही. सुई बोटात घुसली तरी ‘अरे देवा’ म्हणायचा नाही. देवाचं नाव उगाच घेऊ नये म्हणून ओठ आवळून बसायचा. अंतःकरण शुद्ध व्हावं ही त्याची खरी ओढ होती, सोंग नव्हतं. पण शुद्ध माणसाकडे गप्पा मारायला कोण येतो? लोक फाटके कपडे टाकत आणि सटकत.

मोठा भाऊ मात्र उलट्या तऱ्हेचा. ट्रक चालवायचा, प्यायचा, हसायचा. त्याच्यासाठी पवित्रराव दर रविवारी चर्चमधल्या उपासनेत उभा राहायचा आणि डोळे मिटून, आवाज भरून म्हणायचा, “प्रभू, माझ्या वाट चुकलेल्या भावाला वळव.” भाऊ मागच्या बाकावरच असायचा. पुढे तो देवळात यायचा बंद झाला. पवित्ररावाने ओळखलं, वाट आणखीच चुकली. त्याने प्रार्थना लांबवली. मग दोघांचं बोलणंही तुटलं.

एके दिवशी वहिनी भावाचा कोट घेऊन आली. छातीवरच कसरीच्या किड्याने भोक पाडलं होतं.

“रविवारी सकाळच्या बसनं लेकीकडे चाललोय, भाऊजी. आता तिकडेच राहायचं.”

पवित्ररावाला ‘जाऊ नका’ म्हणायचं होतं. पण तोंडातून सवयीनं निघालं ते वेगळंच. “मी प्रार्थना करीन दादासाठी.”

“नका करू!” वहिनी ताडकन म्हणाली. “त्यांची दारू सुटून किती वर्षं झाली, ठाऊक तरी आहे? तुम्ही उभे राहिलात की सगळी मंडळी मान वळवून यांच्याकडे बघायची. यांनी पुष्कळ सोसलं. मग एकदा म्हणाले, देवाला कळलंय गं, आता शेजाऱ्यापाजाऱ्यांना किती वेळा सांगणार माझा भाऊ?”

ती गेली. पवित्रराव कोट मांडीवर घेऊन बसला. रफूला बाहेरचं सूत चालत नाही, रंग कितीही जुळला तरी डाग उठून दिसतो. म्हणून त्याने कोटाची आतली दुमड उसवली, तिच्यातला एकेक धागा ओढून काढला आणि भोकावर उभा-आडवा विणू लागला. आयुष्यभर त्याने कुणाचं भोक चारचौघांत दाखवलं नव्हतं. गिऱ्हाइकाचं झाकलं. आणि सख्ख्या भावाचं दर रविवारी उजेडात धरलं! त्याला लाज वाटली, भयंकर लाज वाटली. दिवा मालवण्याआधी तो गुडघ्यांवर बसला, “प्रभू, माझ्या...” म्हणाला आणि पुढे शब्दच सुचेना.

रविवारी घंटा झाली. मंडळी देवळाकडे निघाली आणि पवित्रराव कोट काखोटीला मारून उलट्या दिशेने. “सूर्य पश्चिमेला उगवला की काय!” कुणीतरी म्हणालंच.

भाऊ स्टँडवर बोचक्यांपाशी उभा होता. केस पार पिकले होते. पवित्ररावाला ते ठाऊकच नव्हतं.

“उपासना नाही आज?”

“आहे.”

“मग? इथंच सुरू करतोस की काय?”

“नाही, दादा. कोट द्यायला आलो.” त्याचा आवाज खरोखरच भरला, आणि या वेळी त्याला तो नकोसा होता. “चुकलो मी. माफ कर मला.”

ऊन होतं तरी भावाने कोट अंगात घातला. छातीवरून बोट फिरवत भोक शोधलं, सापडलं नाही. तेवढ्यात बस लागली. वहिनी चढली, सामान चढलं. खिडकीतून भावाने त्याचा हात धरला.

“तिकडेही देऊळ आहे म्हणते लेक. गेलो, तर तुझ्यासाठी प्रार्थना करीन.” बस हलली तसा हात सुटला. “मनातल्या मनात!” तो ओरडला.

पवित्रराव बस वळेपर्यंत उभा राहिला. मग तो देवळात गेला आणि मागच्या बाकावर, भावाच्या जागी बसला. पाळकांनी विचारलं, “कुणाला कुणासाठी प्रार्थना करायची आहे?” सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. तो बसूनच राहिला.