पोरीला उठवून जा

बोईसरच्या पूर्वेला, डोंगराकडच्या पाड्यावर वीटभट्टीला जाणाऱ्यांची एक युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. लहान पोर म्हातारीपाशी ठेवायचं असलं, की ते झोपेपर्यंत थांबायचं, आईचं नेसून मऊ झालेलं लुगडं त्याच्या अंगावर टाकायचं आणि डोळा चुकवून टेम्पोत बसायचं. पोर रडत नाही, आईचं पाऊल अडत नाही. सापही मेला, काठीही मोडली नाही, असं सगळ्यांनाच वाटे.

बुधीला ही युक्ती आतून ठाऊक होती. लहानपणी ती अशाच एका लुगड्याखाली जागी झाली होती. काही दिवस ती आईला शोधत झोपडीभोवती फिरली, मग फिरायची थांबली. होळीला आई परतली तेव्हा बुधीने तिच्या हातातले बत्तासे परक्या बाईकडून घ्यावेत तसे घेतले आणि खेळायला गेली. "शहाणी पोर," पाडा म्हणाला. कसलं डोंबलाचं शहाणपण! त्या पोरीने मागायचंच सोडलं होतं. पुढे ती नांदली, पाम गावच्या शेतांवर भात लावत राहिली, कधी कुणावर रुसली नाही. आई वारली त्या दिवशी तिला रडूही आलं नाही. बायका तिला दगड म्हणाल्या, आणि तिलाही ते खरं वाटलं.

मग तिचा मुलगा मिथुन आणि सून दीपिका भट्टीला जाऊ लागले. पहिल्या खेपेला छोट्या अर्चूला त्यांनी झोपेतच ठेवलं. रीतच ती, म्हणून बुधी गप्प बसली. होळीला दीपिका आली, तर अर्चूने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ती पुन्हा कोंबडीच्या पिलांमागे गेली.

"कशी समजूतदार झाली पोर!" दीपिका कौतुकाने म्हणाली.

बुधीला बत्तासे घेऊन खेळायला गेलेली ती जुनी पोर आठवली.

यंदा टेम्पो दुपारी आला. अर्चू झोपली होती. दीपिका पाय न वाजवता निघाली, तर बुधी दारात आडवी.

"पोरीला उठव."

"आये, रडंल ना ती!"

"रडू दे. जाते म्हणून सांग. होळीला येन, ह्ये पन सांग."

दीपिकाने उठवलं, सांगितलं. अर्चूने गळ्याला अशी मिठी मारली, की मिथुनला ती सोडवावी लागली. टेम्पो दिसेनासा झाला तरी पोरीचा आकांत थांबेना.

"म्हातारपनी अक्कल गहान ठेवलीस का गं?" शेजारची नवसी ओरडली.

बुधीने रडत्या पोरीला कडेवर घेतलं. त्यानंतर पोर रडली, की ती उचलून घ्यायची आणि खरं तेच सांगायची, आय भट्टीवर हाय, होळीला येल. दुधाची तहान ताकावर भागवणं चाललंय, हे तिलाही कळत होतं. पण हे ताक पोरीला झोपेत टाकून कुठे पळून जाणार नव्हतं.

होळीला दीपिका टेम्पोतून उतरली. अर्चू धावत गेली आणि तिच्या मांड्यांवर दोन्ही मुठींनी गुद्दे मारू लागली, हुंदके देत, लालबुंद होऊन. दीपिकाचा चेहरा पडला.

"आये, मना इसरली ही. मारते बघ."

"इसरली असती तं मारलं नसतं," बुधी म्हणाली. "मानूस आपल्याच मानसावर रुसतं. घे तिला."

बोलताना बुधीला त्या एवढ्याशा पोरीचा हेवा वाटला, आणि फार बरंही वाटलं. दीपिकाने उचललं तशी अर्चूने तिचे केस मुठीत धरले. होळी पेटेपर्यंत तिने ते सोडले नाहीत, आणि दीपिकानेही सोडवले नाहीत.