घरी सांगायला कोण गेलं?

आरे कॉलनीत एकामागून एक पाच मुडदे पाडून झाल्यावर मी माझ्या कादंबरीचं बाड बाबांपुढे ठेवलं. बाबा अंधेरीकडच्या एका पोलीस ठाण्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मी लिहिलेल्या एका ओळीलाही त्यांनी आजवर बरं म्हटलं नव्हतं. या वेळी ते वदवून घ्यायचंच, असा माझा हट्ट होता.

चार दिवसांनी बाड परत आलं. समासात निळ्या पेनाने तीन ठिकाणी 'पंच कुठे?' असं लिहिलेलं. माझा इन्स्पेक्टर खुन्याच्या मागे इतका सुसाट सुटला होता, की पंचनाम्याला थांबायची त्याला फुरसत नव्हती. ती चूक मी हसून कबूल केली. मग बाबा म्हणाले, "पाच माणसां मेली रे. तेंच्या घराकडे सांगूक कोण गेलो?"

कोणीच गेलं नव्हतं. आणि हे हवालदाराच्या मुलाच्या पुस्तकात! बाबांच्या नोकरीत साहेबांना ते काम नको असायचं, म्हणून दर वेळी बाबांनाच पाठवायचे. ते सांगत गेले, मी टिपून घेतलं. दारात गेल्यावर आधी पाणी मागायचं. बाई आत गेली की घरात आणखी कोण आहे ते बघायचं. एकटी असली तर शेजारणीला हाक मारायची. पाणी पिऊन पेला खाली ठेवायचा आणि मगच सांगायचं, कारण नंतर ते घशाखाली उतरत नाही.

चार पानांचं प्रकरण झालं. अख्ख्या कादंबरीत तेवढंच चांगलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. बाबांनी ते दोनदा वाचलं. "बरा झाला," म्हणाले. मला भरून आलं.

मग प्रकाशकांचा फोन. खुनी हाताशी आलाय आणि तुमचा हवालदार पाणी पीत बसलाय. ते काढा, नाहीतर पुस्तक पुढच्या वर्षी बघू. मी काढलं. फार विचारही केला नाही, याची आज लाज वाटते.

छापील प्रत बाबांनी दोन दिवसांत संपवली. तिसऱ्या दिवशी सकाळी ते खिडकीशी उभे राहून पुस्तकाची शिवण बोटाने चाचपत होते.

"हेच्यातली चार पानां गळली हत," ते म्हणाले. "दुकानात देवन बदलून घेवन ये."

मी "हो" म्हणालो आणि पुस्तक पिशवीत टाकून जिना उतरलो.