गेटवरची चड्डी

चिखलीचा ज्योतीराम नेवाळे आमच्या कंपनीत फारसा कुणाला आवडत नसे. तोंड उघडलं की भांडण, असा त्याचा लौकिक. पुण्याजवळ दापोडीला हमरस्त्यालगत कंपनी होती. तो मशीन शॉपमध्ये टर्नर, मी टाइम ऑफिसात हजेरीच्या कामावर. माझी खिडकी नेमकी गेटकडे उघडायची, म्हणून पुढं जे घडलं त्यातलं बरंचसं मी खुर्चीत बसून पाहिलं. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट.

त्याच्या रागाला त्या वर्षी एक कारण होतं. ते आधी कुणाला ठाऊक नव्हतं, कारण चारचौघांत सांगावं असं ते नव्हतं.

ज्योतीराम उजाडायच्या आत म्हशींची धार काढायचा, दुधाच्या किटल्या सायकलला दोन्ही बाजूंनी लटकवायचा, आकुर्डीच्या कॉलनीत रतीब घालायचा आणि तसाच पुढं दापोडीला कामावर यायचा. संध्याकाळी परत चिखली. रस्ता म्हणजे मालट्रकांनी उखडलेली खडी. हे तो कित्येक वर्षं करत होता. पण कंपनीनं नव्या गणवेशाचे दोन जोड दिले आणि घात झाला. जुनी खाकी पँट ढगळ होती. नवी टेरीकॉटची, तंग, आणि चार जाड शिवणी नेमक्या मांड्यांच्या मध्ये एकमेकींवर येऊन बसलेल्या. त्या गाठीवर माणूस बसवायचा, खाली सीटचं टोक, वर किटल्यांचं ओझं.

आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्याही येईनात. खालची सगळी जागा मेल्यासारखी बधिर. मशीनवर उभा राहिला तरी दुपारपर्यंत तिथं काही आहे असं वाटायचं नाही. घरी बायकोजवळ जाणं त्यानं बंद केलं. गोठ्यालगतच्या ओट्यावर अंथरूण टाकायला लागला आणि कुणी विचारलं तर, "म्हशी राखायच्यात," म्हणून खेकसायचा.

शेवटी तो कंपनीच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागं रेलून विचारलं, "मुलं किती?"

"दोन."

"मग आता त्याला काय काम उरलंय? आराम करू दे की!"

डॉक्टर हसले. पडद्यामागं कंपाउंडर हसला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं शॉप हसायला लागलं. दुसऱ्या दिवशी ज्योतीरामला नवं नाव मिळालं होतं: बधिरराव. कुणी त्याच्यामागून सायकलची घंटी वाजवायचं, कुणी बाकावर गोणपाट अंथरून म्हणायचं, "बसा राव, जपून." त्यानं कँटीनमध्ये एकाच्या अंगावर उसळीचं ताट फेकलं आणि ताकीद घेतली. त्या हसणाऱ्यांतले निम्मे सायकलीवरूनच यायचे.

मग तो युनियनकडं गेला. अण्णासाहेब आमचे अध्यक्ष. भाषणाला उभे राहिले की मॅनेजर पाणी मागायचा, असा माणूस. त्यांनी ज्योतीरामला बाहेरच थांबवलं.

"बोनसची बोलणी चाललीत ज्योतीराम. तिथं मी पँटीच्या शिवणीचा विषय काढू? हसतील लोक."

"हसू द्या की. मला हसत्यात तवा तुमी कुठं असता?"

"डोकं शांत ठेव."

"डोकंच तेवढं जागं हाय माजं, अण्णासाहेब!" असं म्हणून तो तिथून निघाला.

हे सगळं मला त्याच्याच तोंडून कळलं ते एका सोमवारी. आदल्या दिवशी हमरस्त्यावरून सायकलींची शर्यत गेली होती. आकुर्डीला एका शर्यतवाल्याचं चाक पंक्चर झालं. पुण्याचा तरुण, अंगात घट्ट काळी चड्डी. ज्योतीराम रतीब संपवून परतत होता. त्यानं चाक धरून मदत केली आणि सरळ विचारलं, "भाऊ, तुमी एवढं लांब जाता, खाली बधिर न्हाई व्हत?"

तो मुलगा हसला नाही. त्यानं चड्डीची कंबर थोडी उलटून दाखवली. आत मऊ चामडं होतं, सलग, मध्ये शिवण नाही. "हिच्याशिवाय होणारच," तो म्हणाला. "सगळ्यांनाच होतं." कुठं मिळते म्हणून विचारल्यावर त्यानं सांगितलं की इथं नाही मिळत, त्याच्या भावानं परदेशातून पाठवली आहे.

हे सांगताना माझ्या खिडकीच्या गजांवर ज्योतीरामच्या मुठी आवळलेल्या होत्या.

"मुकुंदराव, म्हंजे ह्ये दुखणं लोकांस्नी ठाव हाय! औषध बी ठाव हाय! हौसंनं सायकल हाणणाऱ्याला चामड्याची चड्डी, आन् पोटासाठी हाणणाऱ्याला म्हणायचं, पोरं किती? एवढं मोठमोठं यंत्र बनवत्यात ह्ये लोक, आन् माणसाला नीट बसायला एक चड्डी बनंना?"

मला स्वतःला दापोडीत चालत यायला पाच मिनिटं लागत. मी म्हटलं, शिवून घे. तो म्हणाला, कालच गेलो होतो शिंप्याकडं. चिखलीचा धोंडीबा शिंपी म्हणाला होता, "दोन पाय हायेत तवर मधी शिवण येणारच. एक पाय काढून ये." ज्योतीरामनं गणवेशाच्या दोन पँटींतली एक तिथंच दुकानात टराटरा उसवली आणि चिंध्या घेऊन घरी गेला.

त्या चिंध्यांनी घरात गोष्ट फुटली. ते त्याच्या बायकोनं, सुभद्रावहिनींनी, पुढं माझ्या बायकोला, पद्माला, सांगितलं. वहिनींनी फाटकी पँट बघितली आणि विचारलं, काय झालं. तो गोठ्याकडं वळला. त्या म्हणाल्या, "बोला. न्हाईतर म्हशीची दावी सोडते आन् तुमालाच बांधते." तेव्हा त्यानं भिंतीकडं तोंड करून सगळं सांगितलं.

त्याला वाटलं होतं, बायको रडेल किंवा हसेल. वहिनी भडकल्या.

"डाक्टरला सांगितलंत. कंपाउंडरला सांगितलंत. रस्त्यावरल्या पोराला चड्डी उलटी करून दावाय लावलीत. आन् मला न्हाई? सा महिनं मी ह्या घरात उलथीपालथी व्हतेय. तुमाला दुसरी कुनी गावली आसंल म्हणून मी सोमवार धरलेत! माझ्या उपासाची भरपाई कोन देनार?"

ज्योतीराम खाली बसून चिंध्या गोळा करायला लागला.

दुसऱ्या दिवशी वहिनी कामाला लागल्या. त्याची जुनी खाकी हाफपँट घेतली, मधला भाग कापून काढला आणि पुढून मागपर्यंत एकच सलग तुकडा बसवला. आतून मऊ झालेल्या लुगड्याचे थर गोधडीसारखे टाचले. ती पहिली चड्डी घालून तो कामावर आला, वरून गणवेशाची पँट, आणि मांड्या सोलून घेतल्या. गोधडीचे टाके कातडीवर करवतीसारखे फिरले होते. दुसरीत थर इतके झाले की तान्ह्या मुलासारखं फताडं चालावं लागलं. घामानं सगळं भिजलं, आणि बधिरपणा होता तिथंच राहिला. त्यानं ती काढून गोठ्याच्या पत्र्यावर भिरकावली.

"फेकू नगा," वहिनी म्हणाल्या. "सायकलीवर बसा."

अंगणात, दिवसाढवळ्या, सायकल आंब्याला टेकवून तो बसला. वहिनींनी सीटवर हात घातला आणि कुठं भार पडतो ते चाचपलं. शेजारची जाईबाई कुंपणावरून बघत होती. ज्योतीराम तिच्यावर ओरडला. वहिनी त्याच्यावर ओरडल्या, "हलू नगा!" मग त्या आत गेल्या आणि चुंबळ घेऊन आल्या. डोक्यावर हंडा ठेवताना खाली घेतात ती फडक्याची गोल चुंबळ.

"हिला मधी भोक का आसतं?"

"डोसकं टोचू नये म्हनून."

"भार कडंला पडतो, मधलं मोकळं ऱ्हातं. तुमच्या हाडांवर भार पडाय पायजे. मधी कायबी नको. मी मधीच भरत व्हते."

तिसरी चड्डी तशी झाली. दोन्ही बसायच्या हाडांखाली जाड थर, मध्ये मोकळी खोबण, आणि सगळ्यावर गाडीची काच पुसायला वापरतात ते मऊ चामडं. शिवणी सगळ्या बाहेरच्या अंगाला, मांडीच्या कडेनं. सीटचं टोकही त्यानं पान्यानं जरा खाली झुकवलं. पण ही चड्डी टेरीकॉटच्या पँटीखाली मावेना. पँट वर चढवली की त्याच चार शिवणी पुन्हा आवळायच्या. म्हणजे सायकलीवर नुसती चड्डी घालायची आणि कंपनीत येऊन पँट घालायची, एवढाच मार्ग उरला.

आणि तिथं गेट आडवं आलं.

मारुतराव आमचे मुख्य वॉचमन, पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांनी उघड्या मांड्यांचा ज्योतीराम बघितला आणि दांडा आडवा धरला. "गणवेशाशिवाय आत नाही."

"पिशवीत हाय गणवेश. आत जाऊन घालतो."

"आत कुठं? कपडे बदलायची जागा नाही कंपनीत."

"सायकल स्टँडच्या मागं."

"हे काय धोबीघाट आहे?"

आवाज वाढला तसे पर्सोनेलचे, म्हणजे कामगार खात्याचे, मधुसूदन देशमुख साहेब आले. त्यांनी इंग्रजी मिसळून शिस्तीवर बरंच काही सांगितलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की कामगारानं घरून निघतानाच गणवेशात असावं. साहेब स्वतः कंपनीच्या बसनं यायचे.

"साहेब, तुमी एक दिस माझ्या सायकलीवर, ही पँट घालून चिखलीपासनं या. मग तुमी सांगाल त्ये ऐकतो."

"भाषा सांभाळ!"

"मंग जागा द्या."

"नाही मिळणार."

ज्योतीराम दोन पावलं मागं सरला. मला वाटलं, आता हा हात उचलतो. त्यानं सायकल तिथंच तिच्या स्टँडवर उभी केली, पिशवीतनं पंचा काढला, कमरेला गुंडाळला आणि तिथंच, गेटच्या तोंडावर, हमरस्त्याच्या कडेला, चड्डी काढून पँट चढवायला लागला. नेमकी तेव्हाच स्टाफची बस आली. ड्रायव्हरला वळण घेता येईना. खिडकीत हिशेब खात्यातल्या मृदुलाबाई, टायपिस्ट मुली, मोठे साहेब. रस्त्यावरचे ट्रकवाले भोंगे वाजवायला लागले. ज्योतीरामनं सावकाश बटणं लावली, चड्डी झटकून हँडलवर वाळत घातली आणि सायकल ढकलत, गणवेशात, मान ताठ, मारुतरावांपुढून आत गेला. नियम कुठलाच मोडला नव्हता. गेटबाहेरचा रस्ता सरकारचा होता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, बसच्या वेळेला, मुद्दाम. देशमुख साहेबांनी मला बोलावून विचारलं, याला कामावरून काढता येईल का. मी म्हटलं, कशासाठी साहेब, रस्त्यावर पँट घातली म्हणून? मला त्या दिवशी माझाच आवाज अनोळखी वाटला. आठवडा उलटायच्या आत मोठ्या साहेबांच्या कानावर बायकांची तक्रार गेली आणि सायकल स्टँडशेजारची भंगाराची खोली रिकामी झाली. तिथं खुंट्या ठोकल्या, दाराला कडी लावली.

पुढची गोष्ट ज्योतीरामला सर्वांत जास्त लागली. ती खोली भरायला लागली. भोसरीचे, चिखलीचे, पार मोशीकडचे लोक सकाळी तिथं रांग लावू लागले. जे घंटी वाजवायचे ते संध्याकाळी हळूच त्याला गाठून म्हणायचे, "भाऊ, तेवढी एक आमाला बी मिळंल का?"

"म्हंजे तुमाला बी व्हत व्हतं?"

"व्हय. सांगणार कसं?"

"मग हसलास कशाला रं?" तो असा ओरडायचा की खोलीतले सगळे वळून बघायचे. पण चड्डी तो आणून द्यायचा. वहिनी आणि जाईबाई दोघी मिळून शिवायच्या. त्याची स्वतःची जागा हळूहळू जागी झाली. आधी मुंग्या परत आल्या, त्या मुंग्यांनाही तो शिव्या देत होता, मग एक दिवस त्यानं ओट्यावरचं अंथरूण गुंडाळलं. राग मात्र गुंडाळला नाही.

युनियनच्या वार्षिक सभेत अण्णासाहेबांनी वर्षभरातली कामं सांगितली. बोनस, कँटीन, आणि "संघटनेच्या अथक प्रयत्नांतून सायकलस्वार कामगारांसाठी मिळवलेली खोली." टाळ्या सुरू झाल्या. ज्योतीराम उभा राहिला.

"अण्णासाहेब, रस्त्यावर पंचा कुनी गुंडाळला? तुमी?"

लोक हसले. या वेळी ते त्याच्या बाजूनं हसत होते. पण त्याला तेही नको होतं.

"हसू नगा! बसलाय कशावर तुमी समदी? माझ्या बायकूनं शिवलेल्या चड्डीवर! तिचं नाव घ्या. माझं नगं. सुभद्रा ज्योतीराम नेवाळे. त्ये नाव लिवल्याबिगर ह्यो अहवाल पास व्हनार न्हाई."

अण्णासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि नाव घेतलं. मग टाळ्या पडल्या, आधीपेक्षा मोठ्या.

ही बातमी त्याच्या आधी चिखलीला पोचली. तो घरी गेला तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या, कमरेला पदर खोचून.

"कंपनीतल्या बाप्यांच्या भरल्या सभंत माझं नाव घेतलंत? चड्डीवरनं? आता पानवठ्यावर तोंड दावू का न्हाई मी?"

"अगं, मानानं घेतलं!"

"मान तुमचा तुमच्यापाशी ठेवा!"

दोन दिवस त्या घरात भांडण चाललंय, असं पद्मा सांगत आली. मी विचारलं, मग शिवणं बंद झालं का? पद्मा म्हणाली, छे. नवरा-बायको भांडतायत, पण वहिनी आणि जाईबाई शिवतायत. आणि वहिनींनी तिच्याकडं निरोप दिला होता, की कंपनीत ज्यांना कुणाला हवी असेल त्यांनी यापुढं ज्योतीरामला न सांगता सरळ चिखलीला येऊन त्यांनाच सांगावं. बोलायला तोंड असेल तर.