दुसरा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या. आमच्या मास्तरांचं उभं आयुष्य त्या दुसऱ्या ब्रेकवर गेलं. लोक त्यांना 'ब्रेकमास्तर' म्हणत आणि तोंडावर म्हणत, कारण यात काही चेष्टा आहे हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नाही. "चालवायला काय, कुणालाही येतं," ते सांगत. "थांबायला शिकवावं लागतं."

थांबायचा त्यांचा नियम एकच. रेषा आली की रेषेच्या मागे. पुढचं चाक रेषेला नुसतं शिवलं तरी ते शिकणाऱ्याला खाली उतरवून चाक बघून यायला लावत. मागचे भोंगे वाजवून वाजवून थकत, पण मास्तर ढिम्म.

ही सवय घरीही आली. टीव्हीतली गाडी जोरात वळली की सोफ्यावर बसलेल्या मास्तरांचा उजवा पाय खाली दाबला जायचा. गालिच्याला त्या जागी भोक पडलं होतं. बायकोने ते झाकायला वर फुलदाणी ठेवून पाहिली. पुढच्याच पाठलागात मास्तरांनी ती फोडली.

त्यांना एकच मुलगी. ती पालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायची. तिला लांबच्या, समुद्राकाठच्या शहरात चांगली नोकरी चालून आली, तेव्हा मास्तर म्हणाले, "थांब जरा, विचार करू." ते विचार करत राहिले आणि नोकरी गेली. पुन्हा तिथूनच बोलावणं आलं, तेव्हाही मास्तर म्हणाले, "थांब जरा." यावेळी मुलीने जेवता जेवता हातातला घास खाली ठेवला.

"बाबा, उन्हाळ्यात इथे ट्रायथलॉन आहे. पोहायचं, सायकल चालवायची, पळायचं. बाराच्या भोंग्याच्या आत तुम्ही पूर्ण केलंत, तर मी वर्षभर नोकरीचं नाव काढणार नाही."

"आणि नाही केलं तर?"

"तर माझी बॅग तुम्ही स्वतः गाडीत ठेवायची. चेहरा पाडायचा नाही."

"अहो, वरच्या फळीवरचा डबा काढताना तुम्हाला स्टूल धरायला माणूस लागतं," बायको म्हणाली. मास्तरांना ते लागलं. ते हो म्हणाले.

वास्तविक त्यांना पोहता येत नव्हतं. म्हणजे ज्या शर्यतीवर मुलीचं जाणं-न जाणं ठरायचं, तिच्यासाठी तिनेच त्यांना तयार करायचं होतं. दुसरी कोणी असती तर तिने हातचं राखून शिकवलं असतं. या पोरीने तसं काही केलं नाही. रोज सकाळी तलावाच्या काठावर उभी राहून ती ओरडायची, "बाबा, पाय! पाण्यात ब्रेक नसतो, पाय मारा!" मास्तर नाकातोंडात पाणी घेत पाय मारायचे. वसंत सरेपर्यंत ते बुडायचे थांबले. सायकल त्यांनी शेजाऱ्याकडून मागून आणली आणि आधी तिचे दोन्ही ब्रेक बदलून घेतले.

शर्यतीच्या दिवशी सकाळपासूनच ऊन असं तापलं होतं की गाड्यांच्या दारांना हात लावायची सोय नव्हती. तळ्यात उड्या पडल्या. मास्तर सगळ्यांना पुढे जाऊ देऊन मग उतरले, मागून येणाऱ्याला वाट द्यावी म्हणून. तरीही ते बुडाले नाहीत, आणि पाण्याबाहेर येताना त्यांच्या मागेही चार डोकी होती. ही बातमी काठावरच्या बायकोला खरी वाटेना.

सायकलवर तर त्यांनी बरेच जण मागे टाकले. वळणाआधी हात दाखवायचा, वळायचं, पुढे जायचं. सगळं ठीक चाललं होतं. मग मोठा चौक आला आणि सिग्नल लाल झाला.

शर्यतीसाठी रस्ता बंद होता. एक गाडी नव्हती. पण सिग्नल बंद करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मास्तर थांबले, रेषेच्या मागे.

त्यांच्या मागून दातांचे डॉक्टर येत होते. ते मास्तरांच्याच हाताखाली शिकलेले, तेही थांबले. त्यांच्यामागच्या औषधाच्या दुकानवाल्या बाईही मास्तरांच्याच विद्यार्थिनी. त्या थांबल्या आणि हळूच सायकल जरा मागे घेतली, कारण चाक रेषेला शिवलं होतं. बघता बघता रांग लागली. मागून शिव्या यायला लागल्या. चौकातला हवालदार शिट्टी मारून मारून लाल झाला.

"अहो, जा ना! रस्ता बंद आहे!"

"सिग्नल चालू आहे," मास्तर म्हणाले.

हिरवा झाला. मास्तरांनी दोन्ही बाजूंना पाहिलं, हात दाखवला आणि निघाले. या थांबण्याने हातातला जवळजवळ सगळा वेळ खाल्ला होता, हे त्यांना सायकल ठेवताना घड्याळ बघून कळलं. पोरगी जाणार. सोफ्यावर आपण दोघंच उरणार, आणि ते गालिच्याचं भोक.

ते पळू लागले. डांबर बुटांना चिकटत होतं. घसा कोरडा पडला, पायांना गोळे आले, डोळ्यांपुढे रस्ता हलायला लागला. पण 'पोरगी जाणार' हे शब्द मागून ढकलत होते आणि मास्तर पळत होते. जन्मात कुणी त्यांना इतकं घाईत पाहिलं नव्हतं.

शेवटच्या टप्प्यावर पाण्याचं टेबल होतं. तिथे पाणी द्यायला मुलगीच उभी होती. तिने घड्याळ पाहिलं, बापाकडे पाहिलं. नुसतं हळूहळू पाणी पाजलं असतं तरी तिचं काम झालं असतं. तिने पाण्याचा अख्खा जग त्यांच्या डोक्यावर ओतला आणि त्यांच्या शेजारून पळायला लागली.

"बाबा, जमतंय! खांदे सैल सोडा. माझ्याकडे बघू नका, कमानीकडे बघा! अजून वेळ आहे!"

मास्तरांनी तिच्याकडेच पाहिलं. तिचा चेहरा उन्हाने आणि ओरडण्याने लालबुंद झाला होता. स्वतःचीच वाट बंद करायला ती जीव तोडून पळत होती. मास्तरांना एकदम भडभडून आलं. इतकी वर्षं आपण हिच्या शेजारी बसलो आणि हिला चालवता येतं की नाही, हे एकदाही बघितलं नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली.

कमान समोर आली. जमिनीवर पांढरी जाड रेषा मारलेली होती. लोक ओरडत होते, बायको पर्स हलवत होती, घड्याळात बारा वाजायला थोडा अवकाश होता.

मास्तर थांबले.

रेषेच्या मागे, बुटाचं टोकसुद्धा न लावता. उजवा पाय जमिनीत घट्ट दाबलेला.

"अहो, पुढे!" बायको किंचाळली. चौकातून इकडे आलेल्या हवालदाराने डोक्याला हात लावला. मास्तर समोर बघत उभे होते आणि त्यांच्या हनुवटीवरून घाम रेषेवर टपटपत होता. मग भोंगा झाला. त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं, हात दाखवला आणि रेषा ओलांडली.

"बाबा, का थांबलात?" मुलीचा आवाज फुटला होता. "इथे सिग्नल कुठे होता?"

"रेषा होती," मास्तर म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने त्यांच्या घामाने निथळत्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडली. मास्तर म्हणाले, "बॅग फार जड भरू नकोस. माझे हात दुखतायत."

घरी जाताना स्कूलचीच गाडी होती. बायको मागे बसून पेंगत होती. गाडी मुलगी चालवत होती. मास्तरांनी बूट काढले, फोड आलेले पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घातली. दुसरा ब्रेक खाली मोकळा होता.

पुढच्या चौकात सिग्नल पिवळा झाला.

"थांबू?" मुलीने सवयीने विचारलं.

"तू बघ," मास्तर म्हणाले. "गाडी तू चालवतेयस."