वन्संनी घरी बेतलेला कॉम्प्युटर

माझ्या थोरल्या नणंदेने आयुष्यात कधी तयार कपडा विकत घेतला नाही. मग कॉम्प्युटर तरी तयार कसा घेतील? सुटे भाग आणले, जेवणाच्या टेबलावर मांडले आणि म्हणाल्या, "आपल्या मापाचं आपणच बेतावं." मी म्हटलं, "वन्सं, हे झबलं नाही." पण ऐकतंय कोण! आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवायला लागलो.

वन्सं कोटांच्या कारखान्यात पॅटर्न कापतात. बाही, कॉलर, पाठ, एकेक तुकडा आधी जाड कागदावर आखून कापायचा, मग त्यावरून शेकड्यांनी कोट निघतात. रेघ जरा हलली की सगळ्या कोटांचा बोऱ्या वाजला. आणि अलीकडे वन्संचा उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हे बरंही होणार नाही. घरात आम्हाला माहीत आहे, कारखान्यात त्यांनी कुणाला कळू दिलेलं नाही.

तशात कारखान्याच्या मालकीणबाईंनी फर्मान काढलं, पॅटर्न यापुढे कॉम्प्युटरवर आखायचे. घरून आखून आणले तरी चालतील, पण सोमवारी एक बाही दाखवा, नाहीतर दुसरं माणूस बघते. वन्संनी क्लास लावला, मान मोडून शिकल्या. आता घरचा कॉम्प्युटर तेवढा चालू व्हायचा होता.

तो होईना. बटण दाबलं की पंखा गर्रकन फिरायचा, दिवा लागायचा आणि लगेच सगळं थंड. जरा थांबून आपोआप पुन्हा तेच, उचकी लागल्यासारखं. पडदा काळा ठिक्कर. आमचे हे दारातूनच म्हणाले, "म्हटलं होतं ना ताई, तयार घे." मी त्यांना भाजी आणायला पिटाळलं. जखमेवर मीठ चोळायला घरचंच माणूस हवं असतं, दुसरं काय.

मी त्या पसाऱ्यावर वैतागलेली होते, खोटं कशाला बोलू. पण ती उचकी बघितली आणि मला राहवेना. बिघडलंय तर मुळीच लागू नये. लागतंय तर बंद का पडावं? आम्ही प्लग बदलून पाहिला. मेमरीची पट्टी काढून पुसून पुन्हा बसवली. एकेक वायर दाबून पाहिली. पालथ्या घड्यावर पाणी.

वन्संनी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "मंगळवारी घेऊन या. नाहीतर मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढा, पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा आणि तिथे चालू होतो का बघा." मंगळवार आम्हाला परवडणारा नव्हता. वन्सं म्हणाल्या, "चला, उसवायला घ्या." आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. स्वतःच्या कात्रीला कुणाला बोट लावू न देणारी ही बाई. मी पहिला स्क्रू काढायला घेतला.

खोक्यावर मांडामांड झाली. बटण कॅबिनेटलाच राहिलेलं, म्हणून दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे मी बोर्डावरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. पडद्यावर अक्षरं आली. आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलो. मग सगळं परत कॅबिनेटमध्ये बसवलं, तर पुन्हा उचकी.

"म्हणजे अंगात दोष नाही, अंगरख्यात आहे," वन्सं म्हणाल्या. त्यांनी पातळ कागद घेतला, मदरबोर्ड पुन्हा बाहेर काढला, कागद त्याच्याखाली पसरला आणि स्क्रूच्या प्रत्येक भोकातून टाचणी टोचली. हात थरथरत होता, पण टाचणीला भोक सापडत होतं. मग तोच कागद कॅबिनेटच्या आत धरला. तिथे पितळेच्या बुटक्या खुंट्या असतात, त्यांच्यावर बोर्ड टेकतो. प्रत्येक खुंटीवर कागदाचं एकेक भोक बरोबर आलं. एका खुंटीवर मात्र कोरा कागद.

"इथे भोकच नाही. मग ही खुंटी कुणी लावली?" मी विचारलं.

वन्सं हळूच म्हणाल्या, "मी. पुडीत एक उरली होती गं." त्यांच्या धंद्यात उरलेलं बटण म्हणजे कुठेतरी राहून गेलेलं काज. त्यांनी कॅबिनेटमध्ये रिकामी जागा शोधली आणि उरलेली खुंटी इमानेइतबारे तिथे पिळून बसवली. ती बोर्डाच्या पाठीला टेकत होती, वीज भलतीकडे पळत होती आणि मशीन जीव वाचवायला बंद पडत होतं. मला हसू आवरेना. त्याही हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

खुंटी काढली आणि कॉम्प्युटर एका दमात लागला. वन्सं बाही आखायला बसल्या. पडद्यावरचा बाण त्यांच्या हाताबरोबर थरथरत होता आणि माझा जीव वरखाली होत होता. त्यांनी एक बिंदू ठेवला. थांबल्या, दुसरा ठेवला. दोन्हींच्या मधली रेघ कॉम्प्युटरनेच सरळ ओढली, अगदी सुतात. बिंदू जरा सरकला तर त्या मापाचा आकडा टाइप करून जागेवर आणत होत्या. बाही पुरी झाली तेव्हा मी मागे उभी राहून चक्क रडत होते.

सोमवारी पेनड्राइव्ह घेऊन गेल्या. मालकीणबाईंनी बाही उघडली, मापं ताडून पाहिली, म्हणाल्या, "छान आहे." तेवढ्यावर गप्प बसून घरी येता आलं असतं. वन्संनी उजवा हात त्यांच्या समोर टेबलावर ठेवला आणि थरथरू दिला. म्हणाल्या, "बाई, हा आता असाच राहणार. मला लपवायचा कंटाळा आलाय."

बाईंनी हाताकडे पाहिलं, मग बाहीकडे. "बसा," म्हणाल्या, "कॉलरची मापं सांगते."